कुंकवाचं विरजण

जांभ्याच्या पायरीवर झाकण आपटलं, टण्!

इतका वेळ केरूबाबांच्या अंगणात कोणी खोकलंसुद्धा नव्हतं. तान्ही पोरंही आयांच्या पदराखाली गप्प होती. झाकणाचा आवाज झाला आणि अख्ख्या खारवाडीने धरून ठेवलेला श्वास एकदम सोडला.

"आली!" केरूबाबा दोन्ही हात वर करून ओरडले. "आई आली! बघा, डोळे फाडून बघा. रगात नाय, कुंकू हाय!"

टोपात भात होता. सखूने परवा स्वतःच्या चुलीवर शिजवून आणलेला, पांढराशुभ्र. बाबांनी सगळ्यांच्या देखत त्याला बोट लावून आशीर्वाद दिला होता, वर झाकण ठेवलं होतं आणि टोप आतल्या अंधाऱ्या, गार खोलीत नेऊन ठेवला होता. आता त्याच भातावर लालभडक थेंब उठले होते. काही टिकलीएवढे, काही चांगले बंद्या रुपयाएवढे, ओले, चकचकीत. सखू तिथेच बसकण मारून रडायला लागली. बायकांनी हात जोडले, पुरुषांनी टोप्या काढल्या.

मागे, माडाच्या बुंध्याशी, चार वर्षांच्या शेवंतीला कडेवर घेऊन मालन उभी होती. तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की शेरभर तांदूळ फुकट गेला.

"मी कोण?" बाबा विचारत होते. "मी कोणी नाय. मी नुसता चमचा! आई वाढते, चमचा काय करतो? कुंकू कुठून येतं, मला ठाऊक नाय. ठाऊक असतं तर मी इथे सावर्ड्याहून चालत आलो असतो? पण एक सांगतो. हे जेवण नव्हे, कुंकू हाय. कपाळाला लावा, पोटात घालू नका. आईला ते आवडत नाय."

"आईला नाय आवडत, की चमच्याला?" मालन पुटपुटली. शेजारच्या मथुरेने तिला कोपर मारलं.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून ओळखीचा आवाज आला. मालनची सासू, गंगुबाई, पदर पसरून उभी होती.

"बाबा, माझ्या आत्मारामाचं काय? त्याच्या पोटातली नळी कधी सुटायची?"

बाबांनी डोळे मिटले. "सुटेल. आंबा पिकला की देठ सोडतो ना? तशी आपोआप गळेल. दसरा उजाडू दे. फक्त ती विलायती पाण्याची पिशवी हळूहळू कमी करा. आईचं तीर्थ हाय, त्यावर भरवसा ठेवा."

"पिशवी कमी केली," मालन मागून मोठ्याने म्हणाली, "तर दसरा बघायला ते राहायचे नाहीत, बाबा."

सगळ्या माना मागे वळल्या. भागोजी खोत घसा खाकरून म्हणाले, "पोरी, देवाच्या दारात असं बोलू नये." मालनने मान खाली घातली नाही. शेवंती तिच्या कानात म्हणाली, "आई, भाताला लागलं?"

आत्माराम मालवाहू बोटीवर पंपमन होता. दोन वर्षांपूर्वी विलायतेच्या एका बंदरात त्याचं अंग सुजलं आणि तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. त्यांनी त्याच्या पोटात एक पातळ नळी बसवली आणि त्याला घरी पाठवलं. माणूस बोटीवरच आजारी पडला म्हणून कंपनी पाण्याच्या पिशव्यांची खोकी धाडत असे. बोटीने मुंबईला, मुंबईहून ट्रकने रत्नागिरीला आणि तिथून विठूच्या टेम्पोने खारवाडीला. घराची पडवी खोक्यांनी आढ्यापर्यंत भरली होती. रिकाम्या खोक्यांत अर्ध्या वाडीच्या कोंबड्या अंडी घालत.

काम म्हटलं तर सोपं. पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो. पिशवीतलं पाणी नळीतून पोटात सोडायचं आणि काही तास ठेवायचं. पडद्यातून रक्तातली घाण त्या पाण्यात उतरते. मग ते पाणी काढायचं आणि नवं भरायचं. दिवसातून चारदा, रोज, सणवार न बघता.

"बोटीवर मी तळाचं घाण पाणी उपसायचो," आत्माराम आल्यागेल्याला सांगे. "आता माझ्या तळाचं मालन उपसते. पंपमनची जागा तिला दिली मी."

मुंबईच्या नर्सने मालनला सगळं शिकवलं होतं. खोली बंद, पंखा बंद, तोंडाला फडकं, हात कोपरापर्यंत साबणाने घासलेले आणि आत कोणीही येता कामा नये. नळीच्या जोडाला हात लागला तर जंतू थेट पोटात. गंगुबाईने पहिल्या दिवशी ती नळी बघून टाहो फोडला होता. पण हे नियम ऐकल्यावर तिचे डोळे लकाकले. हे तर सोवळं! सोवळं तिला कळत होतं. तेव्हापासून ती दाराशी काठी घेऊन बसू लागली.

"आत जायाचं नाय! सूनबाई सोवळ्यात हाय!"

तिने मांजर हाकललं, कोंबड्या हाकलल्या आणि एकदा शिरगणतीला आलेला ग्रामसेवकही हाकलला. वाडीत या प्रकाराला 'मालनची पूजा' असं नाव पडलं. तोंडाला फडकं बांधलेली मालन काढलेली पिशवी घेऊन परसात निघाली की म्हाताऱ्या बाजूला सरत. एक-दोघींनी तर पिशवीला नमस्कारही केला होता. मालनला हसू यायचं. फडकं असल्यामुळे ते कोणाला दिसत नसे, तेवढी सोय होती.

नर्सने आणखी एक गोष्ट शिकवली होती. काढलेली पिशवी छापील कागदावर ठेवायची. तिच्यातून अक्षरं वाचता आली तर ठीक. नाही आली तर इस्पितळाकडे धावत सुटायचं. आत्माराम रोज सकाळी पिशवीतून वर्तमानपत्र वाचायचा. "खारवाडीत माझ्यासारखा चष्मा कोणाकडे नाय," म्हणायचा.

श्रावणातल्या एका सकाळी त्याने पिशवी कागदावर ठेवली, वाकून बघितलं आणि पिशवी खिडकीच्या उजेडात सरकवली.

"काय हो?"

"मथळासुद्धा दिसत नाय गो."

पिशवीतलं पाणी भाताच्या पेजेसारखं गढूळ होतं. आत्मारामचं कपाळ तापलं होतं आणि तो पोटावर हात ठेवू देत नव्हता. गंगुबाई काठी टाकून धावली ती थेट केरूबाबांकडे. मालन त्याला उठवून सदरा घालीपर्यंत बाबा दारात हजर. त्यांनी पिशवी बघितली आणि टाळी वाजवली.

"दूध! आईने दूध धाडलं! देठ सुटायला लागलं. आता तीन दिवस पिशवी बंद. हलवू नका त्याला."

"बघ गो," गंगुबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा सांगतायत तर थांब ना दोन दिवस."

मालनने सासूकडे बघितलं. म्हातारी वाईट नव्हती. ती भीतीने अर्धी झाली होती आणि तिला कोणीतरी 'सगळं बरं होईल' असं म्हणायला हवं होतं. मालनलाही हवं होतं. पण पिशवीतून मथळा दिसत नव्हता.

"आये, हे दूध असेल तर बाबा पितील एक पेला?" तिने विचारलं.

बाबा उंबऱ्यावरून दोन पावलं मागे सरकले.

"नाय ना पीत? मग चला. रत्नागिरीला जायचंय."

विठूचा मासळीचा टेम्पो निघतच होता. बर्फाच्या पेट्यांमध्ये जागा करून त्यांनी आत्मारामला निजवलं, पायाशी नव्या पिशव्यांचं खोकं ठेवलं. मालनच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली ती गढूळ पिशवी आणि शेजारी शेवंती. आयत्या वेळी काठीसकट गंगुबाईही चढली. "सोवळ्याकडे कोण बघील तिथे?" असं म्हणत तिने सुरमईची पेटी पायाने ढकलली.

इस्पितळात डॉक्टर सुर्वे नावाच्या तरुण बाई होत्या. पोटाला पिशवी लावलेला रोगी त्यांनी पुस्तकातच बघितला होता. तसं त्यांनी सरळ सांगितलं आणि मुंबईला ट्रंक कॉल लावला. कॉल लागेपर्यंत त्यांनी मालनकडून पिशवी बदलायची पद्धत समजून घेतली, दोनदा चुकल्या आणि तिसऱ्यांदा बरोबर केली. मुंबईहून सांगितलेलं औषध पिशवीच्या पाण्यातच घालून पोटात सोडलं. गढूळ पाण्याचे काही थेंब त्यांनी काचेच्या बशीत, जंतूंसाठीच्या थिजलेल्या खाद्यावर पसरले आणि बशी उबेच्या पेटीत ठेवली. "जंतू असेल तर उगवेल. उगवला की त्याची जात कळेल."

दुसऱ्या दिवशी बशीत फिकट, मळकट ठिपके होते. जात काही कळेना. मग वीज गेली, पेटी थंड पडली आणि डॉक्टरांनी बशी टेबलावर तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या ती बशी हातात घेऊन वॉर्डात आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"मालनबाई, हे बघा. असं मी कधी..."

बशीत लालभडक थेंब उठले होते. ओले, चकचकीत.

मालन उठून उभी राहिली. "अगो बाई! डॉक्टर, ही तर आमची आई!"

"कोण?"

"कुंकवाची आई! आमच्या वाडीत दर दोन दिवसांनी भातात निघते. आरती करतात तिची."

डॉक्टरांनी एकदा बशीकडे आणि एकदा मालनकडे बघितलं. "हिचं नाव सेरेशिया. हा जंतू आहे. दमट जागी, पाण्यात, शिळ्या अन्नात राहतो. अंगाच्या उबेत फिका दिसतो, गारव्यात लाल होतो. म्हणून पेटी बंद पडल्यावर रंग आला. माणसाच्या पोटातल्या पाण्यात तो सापडणं विरळा. आत गेला कसा हाच प्रश्न आहे. तुम्ही तर इतकं स्वच्छ करता."

डॉक्टर बोलत असतानाच कोणीतरी हुंदका दिला. गंगुबाई खाटेच्या पायथ्याशी बसली होती.

"आये?"

"मी हात नाय लावला गो," गंगुबाई म्हणाली. "शपथ. तू सांगितलंस हात लावायचा नाय, मी नाय लावला. दुपारी तो निजला की नळीचा तो जोड कापसाने पुसायचे. बाबांच्या तीर्थाच्या कापसाने. बाबा भातातलं बोट ज्या बोळक्यात धुतात ना, त्यातलं तीर्थ. म्हटलं, सोवळं आणखी सोवळं होईल. तीर्थाने कधी विटाळ होतो होय?"

मालनच्या ओठांवर शब्द आले होते, चांगले तिखट. पण म्हातारीच्या बोटांत कापसाची पुडी होती. ती पदराला बांधून तिने एवढ्या लांब आणली होती, मुलाच्या कामाला येईल म्हणून. मालनने पुडी सोडवून घेतली, तिचा हात नळाखाली धरला आणि साबण लावून बोट न् बोट घासलं, शेवंतीचे घासायची तसं.

"नाय ठाऊक होतं तुम्हाला," ती म्हणाली. "आता ठाऊक झालं."

"मग आई... ती आईच नव्हे?"

मालन साबणाचा फेस झटकत थांबली. बाबांचं बोट तिच्या डोळ्यांसमोर आलं. नव्या भाताला आशीर्वाद देण्याआधी ते बोट कुठे बुडायचं? जुन्या कुंकवात. दर वेळी. सगळ्यांच्या देखत.

"डॉक्टर, तुम्ही घरी दही कसं लावता?"

"मी कुठलं लावते? आमची आई लावते. कालचं दही चमचाभर, आजच्या दुधात."

"तेच! बाबा कालचं कुंकू आजच्या भातात लावतात. हे विरजण हो, डॉक्टर! कुंकवाचं विरजण!"

डॉक्टर सुर्वे इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा जागा झाला. "आम्हीही प्रयोगशाळेत हेच करतो, फक्त त्याला मोठं नाव देतो. आता सांगा, उकळत्या दुधात विरजण घातलं तर?"

"दही लागत नाय. विरजण मरतं."

"मग करून बघूया?"

औषध लागू पडलं. ताप उतरला, पोट मऊ झालं आणि एका सकाळी आत्मारामने पिशवीतून मथळा वाचला, मग खालची बातमी, मग अगदी बारीक अक्षरांतली मलमाची जाहिरात. "घरी चला," तो म्हणाला. "जाहिरातीपर्यंत आलो, आता आजारी राहून भागायचं नाय."

पुढच्या कुंकवाच्या दिवशी केरूबाबांचं अंगण पुन्हा भरलं. यावेळी पायरीवर तीन झाकलेल्या वाट्याही होत्या. त्यांच्यामागे काठी घेऊन गंगुबाई आणि स्कूटरवरून आलेल्या डॉक्टर सुर्वे. तिन्ही वाट्यांत मालनने दोन दिवसांपूर्वी एकाच टोपातला भात घेतला होता, मथुरा आणि सखू शेजारी बसल्या असताना.

"पहिल्या वाटीत," मालन म्हणाली, "नुसता भात. दुसरीत भात आणि बाबांनी मागे वाटलेल्या कुंकवाचा ठिपका. तिसरीत पण बाबांचंच कुंकू, फक्त लावायच्या आधी पाण्यात घालून खळखळ उकळलेलं. सखूवहिनी, उघडा."

सखूने एकेक करून झाकणं काढली. पहिली वाटी पांढरी. दुसरी लालभडक. तिसरी पांढरी.

अंगणात कुजबूज उठली. बाबा मात्र गडबडले नाहीत. "धन्य! धन्य! मालनच्या हाताला पण आईने यश दिलं! आई कोणाच्याही घरी जाते."

"जाते ना," गंगुबाई पुढे आली. "जिथे तुझं बोट जातं तिथे जाते. पण तिसऱ्या वाटीत का नाय आली रे? माझी आई होडी तारते, वादळ अडवते, आणि चहाच्या आधणाला घाबरते?"

कोणीतरी फिसकन हसलं. बहुधा विठू.

"उकळल्याने अपमान झाला आईचा!" बाबा म्हणाले. "रागावली ती."

"बरं. मग ही दुसरी वाटी हाय, न उकळलेली, मान ठेवलेली." गंगुबाईने लाल वाटी त्यांच्या नाकासमोर धरली. "घे एक घास. आईचा प्रसाद. मी भरवते."

"हे... हे जेवण नव्हे. कपाळाला..."

"कपाळाला लावून माझ्या पोराच्या पोटापर्यंत गेलं ते! घे घास, केरू!"

'केरूबाबा'चा एकदम 'केरू' झाला होता. वाटी पुढे येत होती आणि बाबा मागे. मागे भिंत होती. भिंतीला पाठ टेकली तशी बाबांची आईही त्यांना सोडून गेली.

"नको हो, म्हातारे! त्या भाताने माझी खानावळ बुडवली! सावर्ड्याला होती, स्टँडाजवळ. पावसाळ्यात एकदा रात्रीचा भात सकाळी असा लाल झाला. टोप धुतला, तरी परत लाल. गिऱ्हाईकं पळाली, दोघांची पोटं बिघडली. एक म्हातारी तेवढी पाया पडली. म्हटलं, आता एवढंच गिऱ्हाईक उरलंय... पण ते कशाने लाल होतं ते मला खरंच ठाऊक नव्हतं हो! मी रोज खरंच सांगत होतो!"

"त्याचं एवढं मात्र खरं," मालन म्हणाली, आणि अंगणात इतका हशा पिकला की भागोजी खोतांनाही तोंडावर उपरणं धरावं लागलं.

डॉक्टरांनी मग सेरेशिया म्हणजे काय, ती टोपाच्या चिरेत कशी राहते आणि टोप उकळून, उन्हात वाळवून कसा स्वच्छ होतो ते चार शब्दांत सांगितलं. खोतांनी मालनकडे बघितलं. "पोरी, तू सांग. तुझ्या घरचंच जळत होतं."

मालनला सभेत बोलायची सवय नव्हती. तिने पदर सावरला.

"देव मानायचा त्याने मानावा. माझी सासू दिवा लावते, वाती मी वळून देते. पण कोणी चमत्कार दाखवला तर दोन गोष्टी विचारा. हे कशाने झालं? आणि हेच मी माझ्या घरी करून बघू का? विचारणाऱ्यावर जो चिडतो, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका. आम्ही तीन दिवस थांबलो असतो तर आज ही वाटी कोणाच्या पिंडाची असती. भीती वाटली तर वाटू दे. भीती वाटते म्हणून विचार करायचं सोडू नका. एवढंच."

गंगुबाईने केरूला जायच्या आधी साबणाची वडी दिली. "भात शिजवता येतो तुला. हात धू आणि परत खानावळ काढ. मेल्या, नखं पण काप."

घरी आल्यावर मालनने खोली बंद केली, पंखा थांबवला, हात घासले. आज शेवंतीलाही फडकं बांधून कोपऱ्यात बसायची परवानगी होती, हलायचं नाही या अटीवर. दाराबाहेर गंगुबाईची काठी वाजत होती. पिशवीतलं स्वच्छ पाणी नळीतून उतरायला लागलं आणि आत्माराम डोळे मिटून, ओळखीची जागा मिळाल्यासारखा, मागे टेकला.

शेवंतीने पिशवी रिकामी होताना बघितली. मग फडक्यातून म्हणाली, "आई, मी मोठी झाले ना, की मी बदलीन हां बाबांचं पाणी. तू दमतेस."

"बरं हो."

"पण तोवर बाबा पुरतील ना गो?"